दशमीची भरती आणि बुद्ध्यंक: कुडाळ परिसरातील एका मूल्यमापन केंद्राचा अनुभव

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि मालवण तालुक्यातील किनाऱ्यावरच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही त्याला कुडाळ परिसरातील एका खाजगी बालमूल्यमापन केंद्रात नेले. बुद्धिमापन, वाचन-लेखनातील अडचणींची तपासणी आणि त्यानंतर पालकांना मार्गदर्शन अशा तीन सेवा हे केंद्र देते आणि त्या तिन्ही आम्ही घेतल्या. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण नावावरून मुलाची ओळख पटेल आणि ती पटू नये अशी त्याच्या आईची इच्छा आहे. मात्र अशा ठिकाणी मूल घेऊन जाणाऱ्या पालकांनी नेमके काय पाहावे, हे या अनुभवावरून मला चांगले समजले, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

या केंद्रात जाण्यापूर्वी चार महिने भाच्याची एक तपासणी झाली होती. शाळेत त्याचे वाचन मागे पडत होते, गणितात तो गोंधळत होता, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून माझ्या भावाने त्याला एका मोठ्या शहरात नेले. तिथे पाऊण तासात चाचणी उरकली आणि आठवड्याने एक पानी अहवाल हातात आला. त्यात बुद्ध्यंक ७८ असे लिहून पुढे ‘सीमारेषेवरील बुद्धिमत्ता’ असा शेरा मारला होता. मूल बोलत होते की गप्प बसले होते, कोणत्या प्रश्नांना अडखळले, कोणते सहज सोडवले, याविषयी त्यात एकही वाक्य नव्हते. भाऊ रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीवर, जाणारा माणूस, वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. दोघांनीही तो कागद देवघरातल्या फळीवर ठेवला आणि त्यानंतर कितीतरी दिवस घरात त्या मुलाला कोणी अभ्यासाला बस म्हटले नाही. ‘झेपणा नाय ता कित्याक पोराक पिडूचा,’ असे वहिनी म्हणाली, तेव्हा या आकड्याने घरात काय केले आहे, हे माझ्या लक्षात आले. मी तालुक्याच्या वाचनालयात काम करते. मानसशास्त्राची जी काही पुस्तके आमच्याकडे आहेत, ती मी त्या महिन्यात पुन्हा काढून वाचली.

७८ हा आकडा आला कसा, हे समजून घेणे अवघड नाही. मुलाने ज्या वयोगटाचे प्रश्न सोडवले ते त्याचे ‘मानसिक वय’ धरायचे, त्याला खऱ्या वयाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. नऊ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सात ठरले की उत्तर ७८ येते. ही पद्धत ज्या चाचणीतून निघाली ती आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी एक ठरावीक मात्रा आहे, या समजाला स्वतः बिने यांचा ठाम विरोध होता आणि मुलांना शिकवून त्यांचे लक्ष, स्मरण आणि विचार सुधारता येतात असे ते सांगत. भागाकाराची कल्पना १९१२ साली विल्यम स्टर्न यांनी मांडली आणि १९१६ साली अमेरिकेत लुइस टर्मन यांच्या स्टॅनफर्ड आवृत्तीमुळे ती सगळीकडे पसरली. आपल्याकडे १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी या चाचणीचे रूपांतर केले. बिने-कामत या नावाने ती आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. भाच्यालाही तीच दिली होती. कामतांनी हे काम केले, त्या काळात आपल्या मुलांसाठी आपल्या भाषेत चाचणी असावी हा विचारच मोठा होता आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. परंतु त्या काळात बेतलेल्या चाचणीतून पाऊण तासात निघालेल्या एका आकड्यावर आजच्या मुलाचे भवितव्य टांगणे, हे बिने किंवा कामत या दोघांनाही मान्य झाले असते असे मला वाटत नाही.

कुडाळच्या केंद्रात दूरध्वनी केला, तेव्हाच फरक जाणवला. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी वेळ देण्याआधी वीस मिनिटे माझ्याकडून माहिती घेतली. मुलाची दृष्टी आणि श्रवण तपासले आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. ते तपासलेले नव्हते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन दोन्ही तपासण्या करून घ्या, त्याशिवाय मी चाचणी घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला तोंडी प्रश्न विचारून बुद्धी मोजली, तर कानाचा दोष बुद्धीच्या नावावर लिहिला जातो, ही इतकी साधी गोष्ट आधीच्या ठिकाणी कोणाच्याही मनात आली नव्हती. सुदैवाने कान चांगले होते, डोळ्यांना मात्र सौम्य क्रमांकाचा चष्मा लागला. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला तो आधीच्या चाचणीविषयी. एकच चाचणी थोड्या महिन्यांत पुन्हा दिली की सरावामुळे गुण वाढतात आणि त्या वाढीला काही अर्थ उरत नाही, म्हणून त्यांनी जुना अहवाल मागवून घेतला आणि वेगळी चाचणी निवडली. वेश्लर यांच्या बालबुद्धिमापनावरून मलिन यांनी भारतीय मुलांसाठी जी श्रेणी तयार केली, ती त्यांनी वापरली. तिच्यात शाब्दिक आणि कृतीचे असे दोन वेगळे विभाग असतात. तिसरा प्रश्न होता, ‘घरात कोणती बोली बोलता?’

आमच्या घरात मालवणी बोलतात. मुलाच्या शाळेत प्रमाण मराठी चालते आणि ती त्याच्या कानावर शाळेत आणि दूरदर्शन संचावर पडते, तोंडात फारशी येत नाही. शहरातल्या केंद्रात तो जवळजवळ काहीच बोलला नव्हता, असे भावाने नंतर सांगितले.

मालवणहून चौके-धामापूरमार्गे एस.टी.ने कुडाळला पोचायला तास-सव्वा तास लागतो. पहिल्या दिवशी आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो. मॅडमनी लगेच चाचणी सुरू केली नाही. चाचणीचे प्रत्यक्ष प्रश्न मी इथे लिहिणार नाही आणि कोणीही लिहू नयेत, कारण ते आधी माहीत झाले की पुढच्या मुलांसाठी चाचणी निरुपयोगी होते. परंतु त्याआधी त्यांनी केवळ गप्पांसाठी काही चित्रे मांडली होती, त्यांविषयी सांगता येईल. पहिल्या चित्रात खेकडा होता. ‘हे काय आहे?’ असे विचारल्यावर भाचा चित्राकडे, माझ्याकडे आणि पुन्हा चित्राकडे पाहत राहिला. दहा-पंधरा सेकंद गेले. मॅडम काही बोलल्या नाहीत, पुढचे चित्रही त्यांनी काढले नाही. मग त्या म्हणाल्या, ‘तुझ्या घरात ह्येका काय म्हणतत?’ भाच्याने लगेच ‘कुर्ली’ म्हटले आणि पाठोपाठ ती खाडीतली आहे, भरलेली आहे की पोकळ हे हातात घेऊन वजनावरून कसे ओळखायचे, अमावास्येला ती कशी असते, हे सगळे सलग सांगून टाकले. त्याला ‘खेकडा’ हा शब्द माहीत होता. शाळेतला शब्द सांगायचा की घरातला, हे न ठरल्यामुळे तो गप्प बसला होता. जिथे उत्तरासाठी थांबत नाहीत, तिथे अशा गप्प बसण्याला शून्य गुण मिळतात.

दुसरा प्रसंग तर मी विसरू शकत नाही. पहिले सत्र संपत आले होते आणि परतीच्या बसबद्दल बोलणे चालले होते. मॅडमनी त्याला विचारले की तू आजोबांबरोबर दर्यावर जातोस तर भरती कधी येते हे तुला कळते का. त्याने तिथी विचारली. त्या दिवशी दशमी होती. क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘साडेसाताक भरती, दीडाक सुकती’, म्हणजे ओहोटी. मॅडमनी वही पुढे ओढली आणि ‘कसा काढलंस?’ असे विचारले. त्यावर तो म्हणाला, ‘चवथीक तीन, आठाक सहा, बाराक नऊ. दहा मधी आसा. सहा आणि नऊच्या मधी साडेसात.’

आमच्याकडे तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ मिळते, असा जुना हिशेब आहे. चंद्रामुळे भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटे पुढे सरकते, पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, तेव्हा हा हिशेब अगदी काटेकोर नसला तरी होडी काढायला पुरेसा आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे तोंडपाठ असत आणि ते ‘दहा पाऊण साडेसात’ असे सरळ म्हणून मोकळे होत. भाच्याला पाऊणकी कोणी शिकवलेली नाही. त्याने आजोबांच्या तोंडून चार, आठ, बारा या तिथींच्या वेळा ऐकल्या होत्या आणि मधल्या तिथीची वेळ दोहोंच्या मध्यावरून स्वतःच काढली होती. चौथीच्या पुस्तकात अजून न आलेले प्रमाण हा मुलगा तोंडी वापरत होता, तोही ज्याच्या वहीत साधा हातच्याचा गुणाकार चुकलेला आहे असा मुलगा. मॅडमनी त्याची वाक्ये जशीच्या तशी मालवणीत लिहून घेतली आणि अहवालात ती तशीच छापली. या केंद्राचे मोल मला त्या ओळींत दिसले.

त्यांनीच मग मला ब्राझीलमधील रेसिफे शहरातल्या अभ्यासाविषयी सांगितले. तो १९८५ साली टेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लीमन यांनी प्रसिद्ध केला. रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांना त्यांनी आधी बाजारात गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले आणि नंतर तेच हिशेब कागदावर दिले. बाजारात ६३ प्रश्नांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर आली, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत मात्र सुमारे ३७ टक्केच. त्यात एक बारा वर्षांचा शहाळी-नारळ विकणारा मुलगा होता. पस्तीसला एक असे दहा नारळ कितीला, हे काढताना त्याने शून्य लावण्याची शाळेतली युक्ती वापरली नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, असे करत तो ३५० वर पोचला. नारळ विकणारी मुले आमच्याकडेही आहेत, म्हणून मला ते उदाहरण एकदम घरचे वाटले. डोक्यात हिशेब करण्याची शक्ती आणि शाळेच्या पद्धतीने तो कागदावर मांडण्याचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीत मूल कमी पडले म्हणजे पहिली त्याच्याकडे नाही असे ठरत नाही.

चाचणी दोन सकाळींत विभागून घेतली. प्रत्येक सत्र सव्वा तासाचे होते आणि मध्ये वीस मिनिटे अंगणात खेळायला सोडले. शाब्दिक विभागात सूचना प्रमाण मराठीत दिल्या, समजले नाही असे दिसले तर मालवणीत पुन्हा सांगितल्या आणि कुठे कुठे तसे केले याची नोंद ठेवली. प्रमाणित चाचणीची भाषा बदलली तर गुणांची तुलना तेवढी पक्की राहत नाही, हे त्यांनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिले आहे. मला हे महत्त्वाचे वाटते. मुलाच्या सोयीसाठी नियम वाकवून ते लपवणे आणि नियमाच्या धाकाने मुलाला गप्प बसवणे, या दोन्हींपासून दूर राहणे सोपे नाही.

निकाल असा आला. शाब्दिक विभागात ८६, कृतीच्या विभागात १०४. सरासरी १०० धरून १५ गुण कमी-जास्त एवढ्या अंतरात दोन-तृतीयांशांहून अधिक मुले येतात, तेव्हा दोन्ही आकडे साधारण मुलांचेच आहेत. एकूण आकडा मॅडमनी लिहिला, परंतु तो एका कमाल-किमान पट्ट्यात लिहिला आणि शेजारी नोंद केली की दोन विभागांत एवढी दरी असताना एकूण आकड्यावर विसंबू नये. वहिनीने तेवढ्यात विचारले, ‘म्हणजे ह्याचा डोक्या बरा आसा?’ मॅडमनी होय म्हटले आणि मग वाचनाकडे वळल्या, कारण खरी अडचण तिथे होती.

वाचनाची तपासणी वेगळी घेतली होती आणि सगळ्यांत जास्त मी त्या भागातून शिकले. भाचा सुटी अक्षरे ओळखतो, परंतु जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी आली की अडतो. आपल्या लिपीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात आणि उच्चार मात्र व्यंजनानंतर होतो. डोळ्यांना जी खूण आधी दिसते तिचा आवाज नंतर काढायचा, हे आपण इतके सरावलो आहोत की त्यात काही अवघड आहे असे आपल्याला वाटतच नाही. ज्या मुलाला ध्वनी आणि खूण यांची जोडी जुळवायला आधीच श्रम पडतात त्याला तिथे ठेच लागते. अंकांच्या बाबतीतही तेच. ‘त्रेपन्न’ ऐकून तो ३५ लिहितो. कानावर तीन आधी पडतात आणि पन्नास नंतर, म्हणून तो ऐकलेल्या क्रमाने लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची जादा पद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना किती टीका सोसावी लागली, ते मला आठवले. त्या वेळी वाचनालयात वृत्तपत्र वाचताना मलाही तो बदल अनावश्यक वाटला होता. भाच्याच्या वहीतले ३५ पाहिल्यावर ते पुस्तक कोणासाठी होते हे मला कळले.

अंकस्मरणाच्या भागातही त्याचे गुण कमी होते. यात ऐकलेले अंक त्याच क्रमाने आणि नंतर उलट क्रमाने सांगायचे असतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम करताना माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली तिच्यात ऐकलेले शब्द मनातल्या मनात घोळवत ठेवणारा एक भाग आहे. त्यात साधारण दोन सेकंदांत उच्चारता येईल इतकाच मजकूर मावतो. म्हणून अंकांची नावे ज्या भाषेत लांब असतात, त्या भाषेत कमी अंक लक्षात राहतात. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये १९८० साली एलिस आणि हेनेली यांनी हे दाखवले. वेल्श भाषेतील अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो, म्हणून वेल्श बोलणाऱ्यांचे अंकस्मरणाचे गुण इंग्रजी निकषांपेक्षा कमी दिसत आणि त्याचा बुद्धीशी काही संबंध नव्हता. मॅडमनी हे सांगून भाच्याची अडचण झटकून टाकली नाही. एक ते नऊ हे मराठी अंक उच्चारायला आखूडच आहेत, म्हणून त्याच्या बाबतीत हे कारण लागू होत नाही, त्याची ऐकीव साठवण खरोखरच थोडी तोकडी आहे, असे त्यांनी सांगितले. अवघड गोष्ट सांगताना त्यांनी मुलाच्या बाजूने ओढून-ताणून काही जुळवले नाही, त्यामुळे त्यांच्या बाकीच्या शब्दांवर माझा विश्वास बसला.

निष्कर्ष वाचनातील अध्ययन अक्षमता असा आहे आणि विचारक्षमता वयाला साजेशी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. परंतु दहावीच्या परीक्षेतील सवलतींसाठी खाजगी केंद्राचा अहवाल चालत नाही, शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयाचेच प्रमाणपत्र लागते, ही गोष्ट मॅडमनी पहिल्या भेटीतच सांगितली. पैसे भरून झाल्यावर असे कळले की पालकांचा फार मोठा विरस होतो, तो इथे झाला नाही.

मार्गदर्शनाच्या सत्रात त्यांनी ज्या सूचना दिल्या त्या साध्या होत्या आणि प्रत्येकीमागचे कारण त्यांनी सांगितले. उत्तर तोंडी घ्या, मग लिहू द्या. एका वेळी तीनपेक्षा जास्त सूचना देऊ नका. एकच पाढा एका बैठकीत वीस वेळा लिहून घेण्यापेक्षा आज दोनदा, उद्या एकदा, मग तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने असा विचारा. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला. त्यात सुरुवातीला घसरण वेगाने होते आणि पुढे ती मंदावते, आणि एकाच दमात केलेल्या पाठांतरापेक्षा अंतराअंतराने केलेले पाठांतर अधिक टिकते, हेही त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. त्याहून मला नवीन होते ते २००६ सालचे रोडिगर आणि कार्पिकी यांचे काम. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवते, परंतु धडा मिटून आठवून सांगणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवते. म्हणजे विचारणे हीच शिकवण्याची पद्धत आहे. आमच्या गावात दशावताराच्या नाटकांत कसलेले नट लिहिलेल्या संहितेशिवाय रात्रभर संवाद म्हणतात आणि गणपतीच्या दिवसांत सात-आठ वर्षांची मुले कागद न पाहता सगळ्या आरत्या म्हणतात. हे पाठांतर कोणी वहीत दहा वेळा लिहून केलेले नाही. वर्षावर्षाच्या अंतराने सगळ्यांच्या सुरात सूर मिसळत, जिथे अडेल तिथे आठवत ते झालेले आहे.

आता उणिवा. पहिली म्हणजे प्रतीक्षा. आम्हाला पाच आठवड्यांनंतरची वेळ मिळाली आणि अहवाल हाती यायला त्यानंतर आणखी बावीस दिवस लागले. मुलाच्या शाळेची सहामाही परीक्षा आधीच होऊन गेली होती, म्हणून आमचे अडले नाही, परंतु वार्षिक परीक्षेच्या तोंडावर असे झाले तर पालकांची अडचण होईल. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मूळ अहवाल अकरा पानांचा आणि इंग्रजीत आहे. मराठीत दोन पानांचा गोषवारा मागितल्यावर मिळाला आणि त्यातही ‘ध्वनिविषयक जाणीव’, ‘अनुक्रमिक प्रक्रिया’ असे शब्द काहीही न समजावता आले आहेत. ज्या केंद्राने मुलाच्या तोंडचे मालवणी वाक्य जपून ठेवले, त्याने त्याच्या आईला वाचता येईल असा अहवालही द्यायला हवा. मी हे त्यांना सांगितले. गोषवारा बदलून देण्याचे त्यांनी मान्य केले, अजून तो आलेला नाही. तिसरी उणीव अशी की वाचनाच्या सरावासाठी दिलेली पुस्तिका पूर्णपणे शहरी आहे. तिच्यात लिफ्ट, मॉल आणि मेट्रो आहेत, पण होडी नाही, माड नाही, खळे नाही. मी वाचनालयातल्या जुन्या दिनदर्शिकांची चित्रे कापून ‘पिशवी’, ‘शिंपली’, ‘तिसऱ्या’, ‘किनारा’ अशा शब्दांची एक जाड वही घरीच तयार केली आहे आणि मॅडमनी तिची छायाप्रत आपल्यासाठी मागून घेतली.

प्रतीक्षा कक्षात स्मरणशक्ती वाढवणाऱ्या संगणकीय खेळांचे माहितीपत्रक ठेवलेले दिसले. मी विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या की अशा खेळांनी मूल त्या खेळात तरबेज होते, पण वाचन आणि गणित त्यामुळे सुधारते असे अभ्यासांतून दिसत नाही, तुम्ही घेऊ नका. असे असेल तर ते पत्रक तिथे ठेवूच नये, हे माझे मत आहे. आमच्या भागात बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारे आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारे वर्गही येऊन गेले आहेत. त्यांना कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि गरीब घरांतून त्यांनी बरेच पैसे नेले आहेत. अशा परिस्थितीत एका चांगल्या केंद्राच्या भिंतीवरचा प्रत्येक कागद लोक शास्त्र समजून वाचतात.

फी एकूण चार हजार दोनशे रुपये झाली. त्यात दोन्ही चाचण्या, अहवाल आणि मार्गदर्शनाचे एक सत्र धरलेले आहे, पुढच्या प्रत्येक सत्राचे चारशे वेगळे पडतात. मासेमारी बंद असलेल्या महिन्यांत आमच्यासारख्या घरांना हे जड जाते. भावाने ते दोन हप्त्यांत दिले आणि तशी सवलत मागितल्यावर लगेच मिळाली. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, त्यामुळे चालायला त्रास असलेल्या मुलासाठी आधी कळवावे म्हणजे तळमजल्यावर व्यवस्था करतात. शनिवारी सकाळची वेळ मिळाली तर घ्यावी, त्या दिवशी गर्दी कमी असते आणि मुलाला अंगणात मोकळे खेळता येते. सोबत शाळेच्या वह्या न्याव्यात, निवडक नव्हे, सगळ्या. चुकलेल्या पानांकडेच मॅडम सर्वांत जास्त वेळ पाहतात.

आमचे पुढचे सत्र महिन्याभराने आहे. तारीख ठरवताना मॅडमनी दिनदर्शिका भाच्यापुढे सरकवली. त्याने तारखेखालची बारीक तिथी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचली, ‘द्वादशी’ या जोडाक्षरावर दोनदा अडला, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला आणि मग मान वर करून म्हणाला की त्या दिवशी नऊला भरती आहे, आजोबा सकाळी घरीच असतील, तेव्हा ते सोबत येऊ शकतील.